शेवटची कधी घेतली होती?

4 ऑगस्ट 2024, रविवार. दीप अमावस्या. आईने घरातले सगळे दिवे चिंचेने घासून पाटावर मांडले होते, कणकेचे गोड दिवे उकडले होते. आमच्या गल्लीत मात्र या दिवसाला गटारीच म्हणतात. पंचगंगेचं पाणी नुकतंच उतरलं होतं, पुरामुळे खोळंबलेल्या यंत्रमागांचा खडखडाट पुन्हा सुरू झाला होता. आप्पा दुपारीच मित्रांकडे मटणाला गेले आणि रात्री साडेदहाला घरी आले. उंबऱ्यातच म्हणाले, "उद्यापासून श्रावण. महिनाभर थेंब शिवणार नाही."

आईने देवापुढे हात जोडले. मलाही बरं वाटलं. हे लिहायला बसले ती याच बरं वाटण्याबद्दल सांगायला. पुढच्या चार दिवसांत आप्पांच्या जिवावर बेतलं, ते दारू प्यायल्यामुळे नाही. ती एका रात्रीत बंद केल्यामुळे.

आप्पा यंत्रमागावर कापड विणायला आहेत, तीस वर्षं झाली. आई घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरते. मी बी.कॉम. करून एका सूत व्यापाऱ्याकडे हिशेब बघते. आप्पांचं पिणं रात्रपाळी सुटल्यावरच्या एका नव्वदपासून सुरू झालं. मग रोजची एक क्वार्टर, मग दोन. शेवटच्या वर्षी तर पहाटे मागावर जाण्याआधीही थोडी घ्यावी लागायची, कारण त्याशिवाय हात थांबायचे नाहीत. थरथरत्या हाताने तुटलेला धागा सांधता येत नाही. सकाळची घेतली की दहा मिनिटांत हात स्थिर व्हायचे. आम्हाला ते व्यसन वाढल्याचं लक्षण वाटायचं. हे शरीर दारूवर टेकून उभं राहिल्याचं लक्षण आहे आणि अशा माणसाची दारू एकदम काढून घ्यायची नसते, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याआधीच्या दोन श्रावणांतही त्यांनी अशीच बंद केली होती. पहिल्या वर्षी दोन दिवस घाम आणि बेचैनी. दुसऱ्या वर्षी उलट्या, झोप नाही, हातात कप धरता येईना. आई म्हणायची, अंगातली घाण निघतीय, निघू दे. मीही तसंच समजायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरे व्हायचे आणि दहीहंडीच्या आसपास पुन्हा सुरू. नंतर डॉक्टरांकडून कळलं की असं अचानक थांबवणं आणि पुन्हा सुरू करणं जितक्या वेळा होतं, तितका पुढच्या वेळचा त्रास वाढत जातो. आम्ही ज्याला निर्धार म्हणत होतो, त्याची दर वर्षी जास्त किंमत लागत होती.

5 तारखेला पहिला श्रावणी सोमवार. आप्पांनी उपवासही धरला. संध्याकाळी थोडी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, ती उलटून पडली. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. चहा बशीत ओतताना निम्मा सांडला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दारावर नुसती थाप पडली तरी दचकत होते.

मंगळवारी पहाटे चारच्या सुमारास त्यांना फिट आली. दातखीळ, डोळे वर, सगळं अंग ताठ होऊन झटके. आईच्या ओरडण्याने शेजारपाजारचे धावत आले. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली, एकाने दातांच्या मध्ये चमचा घातला. त्यात आप्पांचा पुढचा दात तुटला. फिट आलेल्या माणसाला नुसतं कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं लागण्यासारखं सामान बाजूला करायचं आणि तोंडात काहीही घालायचं नाही, एवढंच करायचं असतं. हेही मला दोन दिवसांनी कळलं.

जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी काउंटरजवळ उभ्या उभ्याच विचारलं, "काही व्यसन?" आमच्यासोबत शेजारच्या काकू होत्या. त्यांच्याच नात्यातून माझ्यासाठी एक स्थळ आलेलं होतं, पुढच्या आठवड्यात मंडळी बघायला येणार होती. आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "तंबाखू खातात थोडी. बाकी काही नाही."

मी तिथे उभी होते. मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही.

त्यामुळे त्या डॉक्टरांना नुसता दोष देणं मला जमत नाही. तरी एक तक्रार मनात राहिलीच आहे. पन्नाशीच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा फिट येते, हात थरथरतात, घामाने अंग भिजलेलं आहे. एवढं समोर असताना एकदा आत बोलावून, सोबतच्या लोकांना बाहेर ठेवून, हळू आवाजात पुन्हा विचारायला हवं होतं. तसं झालं नाही. डोक्याचा स्कॅन काढायला सांगितला, तो चांगला आला. ग्लुकोजच्या दोन बाटल्या लावल्या, फिटच्या गोळ्या लिहून दिल्या आणि संध्याकाळी घरी सोडलं. काकूंनी गल्लीत सांगितलं, अशक्तपणामुळे झालं.

बुधवारी दिवसभर आप्पा गप्प होते. संध्याकाळी दिवा लावताना मला म्हणाले, "भिंतीवरच्या मुंग्या झाडून काढ." भिंतीवर काहीच नव्हतं. नऊच्या सुमारास ते अंगावरून काहीतरी झटकायला लागले. अकरा वाजता मला त्यांनी ओळखलं नाही. आईला "मालक" म्हणाले आणि हप्त्याचे पैसे कापल्याबद्दल भांडायला लागले. अंग तापलं होतं. दार उघडून रस्त्यावर पळाले, तेव्हा गल्लीतल्या चौघांनी धरून आणलं. एका म्हाताऱ्या आजोबांनी उतारा टाकायला सांगितला. आई नारळ आणायला निघाली होती. मी तिला थांबवलं आणि 108 ला फोन लावला.

रात्री सव्वाच्या सुमारास आम्ही जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात, अपघात विभागात पोचलो.

अपघात विभाग म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर गाडीवरून पडलेली माणसं यायची. त्या रात्री आत आठ खाटा भरलेल्या होत्या. कोपऱ्यातल्या खाटेवर एक तरुण पोरगा डोकं फुटून आलेला, त्याच्या तोंडाचा वास चार फुटांवर येत होता. त्याच्याजवळ पोलीस कागद घेऊन उभा होता. दाराजवळच्या खाटेवर एक माणूस रक्ताची उलटी करत होता, काळपट लाल, बादलीभर वाटावी इतकी. त्याची बायको सारखी म्हणत होती, "अॅसिडिटी हाय वो त्यांना." सिस्टर शांतपणे म्हणाली, "ताई, पोट किती फुगलंय बघा. डोळे पिवळे आहेत. किती वर्षं पितात?" तेव्हा ती बाई पदर तोंडाला लावून खाली बसली. नंतर आतल्या वॉर्डबॉय मामांनी मला सांगितलं की लिव्हर खराब झालं की अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि अशा फुटतात. त्यांना ते पाठ झालं होतं, इतके पेशंट त्यांनी बघितले होते.

आठातल्या तीन खाटा, आमची धरून, दारूच्या होत्या. पण बाहेरच्या केसपेपरवर पहिल्यांदा काय लिहिलं गेलं होतं? फिट, रक्ताची उलटी, अपघात. दारू हा शब्द तिघांच्याही नातेवाइकांनी स्वतःहून सांगितला नव्हता.

आमच्याकडे आलेल्या डॉक्टर माझ्याहून फार तर तीन-चार वर्षांनी मोठ्या असतील. केसांना रबर लावलेला, हातावर पेनाने कसले तरी आकडे लिहिलेले. त्यांनी आधी बोट टोचून साखर बघितली, नाडी बघितली, ताप बघितला. नाडी 140 च्या पुढे होती. मग आप्पांचे दोन्ही हात पुढे धरून बोटं पसरायला लावली. आप्पांना ते कळत नव्हतं, पण बोटांची थरथर त्यांनी बघितली. मग त्या माझ्याकडे वळल्या. व्यसन आहे का, असं त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "शेवटची कधी घेतली होती?"

या प्रश्नाला 'नाही' हे उत्तरच होत नाही. मी म्हणाले, "रविवारी रात्री. दहा-साडेदहाला."

"रोज किती?"

"दोन क्वार्टर. देशी. सकाळी पण लागते."

"सकाळी घेतली नाही तर हात थरथरतात?"

"हो."

"फिट आली होती का?"

"मंगळवारी पहाटे."

त्यांनी बोटांवर तास मोजले. तीस तासांनी फिट, तीन दिवसांनी भ्रम. "बरोबर," त्या म्हणाल्या आणि सिस्टरला लोराझेपामचं, म्हणजे मेंदू शांत करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन भरायला सांगितलं. मग पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे आधी सांगितलं असतंत तर एवढं झालं नसतं. पण आता सांगितलंत, बरं केलंत." मागे उभी असलेली आई रडायला लागली.

पुढचा प्रश्न त्यांनी आईला विचारला. "मावशी, दारू सुटावी म्हणून घरी काही पावडर, काढा, गोळी दिली होती का? खरं सांगा, मी रागावणार नाही."

मी म्हणणार होते, नाही. तेवढ्यात आईने पिशवीत हात घातला आणि रुमालाची गाठ सोडून त्यातून कागदाच्या दोन पुड्या काढल्या. 'पेशंटला न सांगता दारू सोडवा' अशी जाहिरात बघून तिने मागवल्या होत्या. उन्हाळ्यापासून अधूनमधून आमटीत मिसळून देत होती. मला माहीत नव्हतं. एका घरात राहून, एका ताटात जेवून, आम्ही तिघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

डॉक्टर खरोखरच रागावल्या नाहीत. पुड्या घेतल्या, कागदावर नोंद केली आणि शेवटची कधी दिली ते विचारलं. महिना झाला होता. मग समजावून सांगितलं की दारू नकोशी करणारं एक औषध असतं, डायसल्फिराम. ते पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब एकदम पडू शकतो, छातीत धडधड होते, जीवही जाऊ शकतो. म्हणून ते पेशंटला सांगून, त्याची संमती घेऊन, तपासण्या करूनच देतात. लपवून दिलेल्या पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं.

मी मध्येच म्हणाले, "तीन दिवस पोटात काही नाही, ग्लुकोज लावा ना." त्यांनी मान हलवली. "साखर बरी आहे. आधी थायमिन जाऊ दे." थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व. वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्याच्या शरीरात ते उरत नाही, कारण जेवण कमी असतं आणि खाल्लेलंही अंगी लागत नाही. अशा शरीरात नुसतं ग्लुकोज ओतलं तर ते वापरण्यात होतं नव्हतं ते बी-वनही संपतं आणि मेंदूला इजा होते. डोळे नीट फिरत नाहीत, चालताना तोल जातो आणि कधीकधी आठवण ठेवण्याची ताकद कायमची जाते. मंगळवारच्या त्या दोन बाटल्या मला आठवल्या आणि पोटात गोळा आला. त्यांनी आप्पांच्या डोळ्यांसमोर बोट फिरवून बघितलं. पुढचे तीन दिवस रोज सकाळी तसंच बोट फिरवत होत्या, आणि रोज त्या वेळी मी श्वास रोखून उभी असायचे.

आप्पा खाटेवरून उड्या मारत होते. इंजेक्शन चढेपर्यंत त्यांचे हात कापसाची पट्टी गुंडाळून खाटेच्या कठड्याला बांधावे लागले. मामा आणि दोन ब्रदर धरून होते. आईला ते बघवेना. डॉक्टरांनी मला बांधलेल्या मनगटात बोट घालून दाखवलं. "एवढी जागा राहिली पाहिजे. मधून मधून बघत राहा, बोटं गार किंवा निळी पडली तर लगेच हाक मारा. आणि कुशीवर ठेवायचं, उलटी झाली तर छातीत जाईल." मग म्हणाल्या, "दिवा बंद करू नका. अंधारात जास्त दिसतं त्यांना. आणि बोलत राहा. तुम्ही कोण, ते कुठे आहेत, आज वार कोणता. दहादा विचारलं तर दहादा सांगा."

मी त्यांना विचारलं की बंद केल्यावर असं का व्हावं. चांगलंच केलं होतं ना त्यांनी? पहाटेचे साडेतीन वाजले होते, त्यांना क्षणभर बसायला मिळालं होतं. त्या म्हणाल्या, "दारू मेंदूला दाबून ठेवते. रोज दाबलं तर मेंदूही रोज उलटा जोर लावायला शिकतो, म्हणून तर तुमचे वडील दोन क्वार्टर घेऊनही मागावर उभे राहत होते. आता वरचा हात एका रात्रीत काढला. खालचा जोर तसाच आहे. तो जोर म्हणजे ही थरथर, हा घाम, ही फिट, हा भ्रम." सोडणाऱ्या प्रत्येकाला असं होत नाही, त्यांनी हेही सांगितलं. बहुतेकांना थोडा त्रास होऊन जातो, शंभरातल्या चार-पाच जणांची गत अशी होते. पण ते चार-पाच कोण, हे आधी ओळखता येतं. रोज खूप पिणारे, सकाळी प्यावी लागणारे, आधी कधी फिट किंवा भ्रम झालेले. अशांनी घरी बंद करायची नाही. दवाखान्यात यायचं, औषधाच्या आधाराने तो जोर हळूहळू उतरवून घ्यायचा. या भ्रमाला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. वेळेवर झाले तर बहुतेक वाचतात.

आमच्या बाबतीत वेळ थोडक्यात गाठली होती.

गुरुवारी सकाळी आप्पांना वॉर्डात हलवलं. त्या दिवशीची एक गोष्ट मला नीट सांगायची आहे. इंजेक्शनांनी त्यांची धडपड कमी झाली होती, पट्ट्या सैल केल्या होत्या. पण हात थांबत नव्हते. सिस्टर म्हणाली, भ्रमात असं चादर ओढत राहतात. मी बघत होते. ते चादर ओढत नव्हते. डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट जुळवून, त्यावर उजव्या हाताने न दिसणारं टोक आडवं ठेवायचे, वळसा घालायचे, ओढायचे, आणि मग दोन बोटांच्या कात्रीने उरलेलं टोक तोडायचे. पुन्हा पुढचा धागा. मध्येच हात उंच करून काहीतरी थांबवल्यासारखं करायचे आणि ओरडायचे, "धोटा अडकलाय! बंद कर!" धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो. तीस वर्षं ज्या गाठी त्यांनी मारल्या, त्या गाठी ते हवेत मारत होते. घामाघूम होऊन. तुटणारे धागे संपतच नव्हते.

आईला ते माझ्याआधी कळलं होतं. तिने पुढे होऊन पदराचं टोक त्यांच्या बोटांत दिलं. जुनं सुती लुगडं, काठाचे दोरे सुटलेले. आप्पांनी ते चाचपलं, दोरे वेगळे केले आणि त्यांच्यावर गाठी मारायला लागले. हवेतला धागा हाताला लागत नव्हता, हा लागत होता. पाचेक मिनिटांत त्यांचा श्वास संथ झाला. आई दोन तास तशीच खाटेच्या कडेला वाकून बसून राहिली. सिस्टर दोनदा येऊन बघून गेली, काही बोलली नाही. संध्याकाळी आईच्या पदराला ओळीने बारीक गाठी होत्या. त्या तिने अजून सोडलेल्या नाहीत.

शुक्रवारी नागपंचमी होती. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोने आप्पांना सफरचंद दिलं. आई म्हणाली, आज चिरायचं नसतं. तिने केळं कुस्करून भरवलं. आप्पा दोन घास खाऊन झोपले. मी दर तासाला सांगत होते, "आप्पा, आज शुक्रवार आहे. तुम्ही दवाखान्यात आहात. मी इथंच आहे." शनिवारी रात्री ते सलग बारा-तेरा तास झोपले. रविवारी सकाळी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू कामावर गेली नाहीस?"

मागच्या चार दिवसांतलं त्यांना काहीच आठवत नव्हतं. मनगटावरचे वळ बघून त्यांनी विचारलं, कुणी मारलं का मला? मी सगळं सांगितलं, पुड्यांचंही. आईने डोळे मिटून घेतले. आप्पा बराच वेळ गप्प राहिले. मग तिला म्हणाले, "मला सांगायचंस."

नऊ दिवसांनी घरी आलो. जाताना मानसोपचार विभागात नेलं. तिथल्या समाजसेविका ताईंनी पुढचे पर्याय मांडले. पुण्याला 1986 पासून चालणारं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, पण तिथे महिनाभराहून जास्त राहावं लागतं आणि घर चालायचं तर तेवढी मजुरी बुडवणं आम्हाला शक्य नव्हतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी ओपीडी, कमी कमी करत नेलेल्या गोळ्या, थायमिनच्या गोळ्या आणि आठवड्यातून दोनदा अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची मीटिंग, असं ठरलं. मीटिंगला सुरुवातीला आप्पा रुमाल तोंडावर धरून जायचे. तिथे त्यांना त्यांच्याच कारखान्यातला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, भेटला, चार वर्षं न प्यायलेला.

स्थळाचं काय झालं, असं वाचणाऱ्यांच्या मनात येईल. मी त्या मुलाला फोन करून खरं सांगितलं. त्यांच्याकडून पुन्हा निरोप आला नाही. दोन दिवस वाईट वाटलं, नंतर नाही.

मधल्या काळात मी या विषयावर मिळेल ते वाचलं. केंद्र सरकारने एम्सच्या मदतीने देशभर पाहणी करून 2019 मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यात लिहिलंय की दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले लोक सुमारे 5.7 कोटी आहेत. आणि दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 जणांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळते, दवाखान्यात भरती होऊन उपचार तर 180 मागे एकाला. मला आठ खाटांतल्या आमच्या तीन खाटा आठवल्या. आम्ही त्या मदतीपर्यंत पोचलो ते फिट आली, भ्रम झाला, रस्त्यावर धरून आणावं लागलं तेव्हा. आमच्या गल्लीत सकाळी पिणारे आणखी किती आहेत हे मला बोटांवर मोजून सांगता येईल. त्यातल्या दोघांच्या घरी मी 2025 च्या आषाढातच जाऊन आले. अमावस्येच्या आधी. काका, बंद करायची तर ओपीडीत दाखवून करा, 14446 या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करून विचारा, नाहीतर 14416 या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला. एका घरी मला चहा मिळाला. दुसरीकडे दार लावून घेतलं. मी यंदाही जाणार आहे.

पण त्याच्या आधीचं राहिलं. 2025 च्या मार्चमध्ये, रंगपंचमीला, आप्पांनी पुन्हा घेतली. सात महिन्यांनी. पहिल्या दिवशी एक नव्वद, तीन आठवड्यांत पुन्हा दोन क्वार्टर आणि सकाळची. मी फार चिडले. त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. ओपीडीतले डॉक्टर म्हणाले, हा आजार असाच परत येतो, मधुमेहात साखर वाढते तसा. परत आला म्हणजे सात महिने वाया गेले असं नाही. मला ते तेव्हा पटलं नाही, हळूहळू पटतंय.

एप्रिलमध्ये एका रात्री जेवताना आप्पा ताटाकडे बघत म्हणाले, "सोडायची हाय. पण घरात नको. मला तिकडं न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं एसटीने गेलो. या वेळी आप्पा स्वतःच्या पायांनी चालत होते. हात थरथरत होते, घाम फुटायला लागला होता, पण शुद्धीवर होते. केसपेपरच्या खिडकीपुढे लांब रांग होती, पुढेमागे पंचवीस-तीस माणसं. आमचा नंबर आला. आतल्या बाबूंनी मान वर न करता विचारलं, "काय होतंय?"

मी बोलणार होते. आईने मला बाजूला केलं, खिडकीच्या गजांना धरलं आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दारू पितात. रोजच्या दोन क्वार्टर. शेवटची काल रात्री नऊला."